शुक्रवारी उत्तर पाठवण्याआधी

पाचपाखाडी, ठाणे
मंगळवार, रात्री

प्रिय,

अनेक आशीर्वाद. परदेशी प्रोफेसरांबरोबरच्या फिट्सच्या अभ्यासासाठी अनुदान मागायच्या अर्जाचा तू पाठवलेला मसुदा काल वाशीहून परतताना गाडीत वाचला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर पुन्हा एकदा, हातात पेन्सिल घेऊन. एकोणीस पानांत तुझं नाव दोनदा आलंय. एकदा ‘साइट इन्व्हेस्टिगेटर’, म्हणजे इथलं काम बघणारी, म्हणून आणि एकदा बजेटमध्ये, रक्ताच्या नमुन्यांच्या ओळीसमोर. शहापूर तालुका एकदाच आलाय, नकाशात. तिथल्या ओपीडीत तू दोन वर्षं जे बघतेयस, त्यातलं काहीच नाही.

शुक्रवारपर्यंत प्रोफेसरांना हो-नाही कळवायचंय म्हणालीस. हो म्हण, पण या मसुद्याला नको.

मी इतकी अडून का बसलेय ते आधी सांगते. तुझ्या वयाची असताना मीही अशाच एका परदेशी अभ्यासात होते. फिट्सच्या रुग्णांचं रक्त घ्यायचं, फॉर्म भरायचे, बर्फात पॅक करून पाठवायचं. तीन वर्षं पाड्यापाड्यांवर फिरलो. अभ्यास चालू होता तोवर गोळ्या फुकट मिळायच्या. पैसे संपले त्या महिन्यात गोळ्या थांबल्या आणि आमच्या दोन्ही कार्यकर्त्या घरी बसल्या. पुढे शोधनिबंध छापून आला, त्यात शेवटी आमचे आभार होते. काही महिन्यांनी एक बाई मुलाला घेऊन दवाखान्यात आली. आमच्याच गोळ्यांनी त्याच्या फिट्स थांबल्या होत्या. गोळी एकदम बंद पडल्यावर त्या पुन्हा जोरात सुरू झाल्या आणि चुलीत पडून त्याचा हात भाजला. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “रक्त नेलंत, मग गोळी का नाही ठेवली?” मला उत्तर देता आलं नाही. मेंदूच्या आजारांवरच्या संशोधनाला पैसा हवाच, हे मी आजही तितक्याच जोराने म्हणते. पण तो येऊन नक्की कुठे थांबतो, हे तेव्हापासून आधी बघते.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना एपिलेप्सी, म्हणजे फिट्स येण्याचा आजार, आहे आणि त्यांतले जवळजवळ 80 टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोक फिट्सशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे. फेनोबार्बिटोनसारखी गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त रुग्णांसाठी औषध शोधायचं राहिलेलं नाही. ते त्यांच्यापर्यंत का पोचत नाही, हे शोधायचं राहिलंय. हा प्रश्न शहापूरच्या बाकावर बसलेल्या डॉक्टरला जितका स्पष्ट दिसतो, तितका लांबच्या प्रयोगशाळेतून दिसत नाही. यात त्या प्रोफेसरांचा दोष नाही. त्यांच्यासमोर तो रुग्ण बसलेला नसतो.

आणि तो प्रश्न तुझ्याकडे आहे! गेल्या पावसाळ्यात तूच मला सांगितलं होतंस की लग्नाआधी दर महिन्याला न चुकता गोळ्या न्यायला येणाऱ्या मुली लग्नानंतर यायच्या बंद होतात. एकीने गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या, सासूला कळू नये म्हणून. पोटात बाळ असताना तिला फिट आली तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावरही आधी नाकाला कांदा लावला. हिंदू विवाह कायद्यातून एपिलेप्सीचा उल्लेख 1999 सालीच निघाला, घराघरांतून अजून निघालेला नाही. मुंबईत आजही कोणी विचित्र वागलं की लोक सहज म्हणतात, “याला ठाण्याला पाठवा,” म्हणजे इथल्या मनोरुग्णालयात. आपण त्याच ठाण्यात राहतो, आपल्याला ते वाक्य टोचतं. ज्या मुलीला फिट्स येतात, तिला किती टोचत असेल?

आता मसुद्याचं सहावं पान बघ. घरोघर सर्व्हे, घरातल्या कर्त्या व्यक्तीला विचारायचं की कोणाला फिट्स येतात का. सासू ‘नाही’ म्हणेल आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जाईल. म्हणजे ज्या बायकांना शोधायला निघालोय, त्याच आकड्यांतून गळणार. हे त्यांना तू समजावून सांगितलंस तर ते मानतील. चांगला शास्त्रज्ञ असं ऐकायला उत्सुक असतो. विचारणारी आशाताई, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, कोण, ती एकटीला गाठून विचारते का, ‘फिट’ म्हणते की ‘आकडी’ म्हणते, यावर सगळा अभ्यास उभा राहतो किंवा पडतो.

भागीदारी बरोबरीची असली की काय होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण हरियाणातल्या बल्लभगडचं. नव्वदीच्या दशकात तिथे आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यात डिमेन्शियाचा, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती ढासळण्याच्या आजाराचा, जोडीने अभ्यास झाला. अमेरिकेतली स्मरणशक्तीची चाचणी तिथे चालेना, कारण त्यात ‘एक वाक्य लिहा’ असा प्रश्न होता आणि म्हाताऱ्या माणसांना लिहिता येत नव्हतं. मग न शिकलेल्यांसाठी हिंदी चाचणी नव्याने बांधली गेली. बल्लभगडला अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, प्रमाण पेनसिल्व्हेनियापेक्षा बरंच कमी निघालं, आणि त्या निष्कर्षाने दोन्हीकडच्या संशोधकांना विचारात पाडलं. साधारण त्याच काळात, 1998 साली, कोचीनमधल्या एका परिषदेतून ‘10/66’ हा गट निघाला. डिमेन्शियाचे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन 10 टक्क्यांहूनही कमी, हा नावाचा अर्थ.

तुमचे प्रोफेसर ज्या योजनेत अर्ज करणार म्हणतात, ती एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेच्या, फोगार्टी केंद्राची. हे केंद्र 1968 सालचं. मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठीच्या त्यांच्या योजनेत नुसतं संशोधन पुरत नाही, गरीब देशातल्या संस्थेची संशोधनाची ताकद वाढवणं हाही तिचा हेतू आहे. आधी दोन वर्षांचं छोटं, चाचपणीचं अनुदान, मग मोठं, अशी वाट असते. तुमच्या मसुद्यात ताकद वाढवण्याखाली फक्त ‘दोन वेबिनार’ लिहिलेत. तिथे तुझ्या संस्थेतल्या एका मुलाची किंवा मुलीची पीएचडी लिही. एनआयएचच्या अर्जात एकाहून जास्त मुख्य संशोधक असू शकतात. तू त्यांतली एक हो. निबंधात कोणाचं नाव कुठे आणि डेटा कोणाकडे राहणार, हे अर्जाआधी लेखी घे. हे मागायला लाजू नकोस. मी लाजले होते.

पैशाची बाजू मात्र मसुद्यात कोणी बघितलेलीच दिसत नाही. परदेशी संस्थेला एनआयएच वरखर्चापोटी फक्त 8 टक्के देतं. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या विद्यापीठांचा तोच दर 50 टक्क्यांच्या वर असतो. आठ टक्क्यांत तुझ्या संस्थेचा अकाउंटंट, ऑडिट, डीप फ्रीझरची वीज आणि इन्व्हर्टर काही बसत नाही. म्हणून अर्धवेळ अकाउंटंट आणि इन्व्हर्टर थेट खर्चात, स्वतंत्र ओळीत मागता येतात का ते विचार. दुसरं, 2020 च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचे, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेले, पैसे एका संस्थेला मिळाले की पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. मसुद्यात शहापूरच्या स्थानिक संस्थेला तुमच्या ट्रस्टमार्फत पैसे द्यायचे लिहिलेत. ते चालणार नाही. कार्यकर्त्या तुमच्याच पगारपत्रकावर घ्याव्या लागतील. उद्याच तुमच्या सीएंना भेट. तिसरं, परदेशी पैशाच्या आरोग्य संशोधनाला आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्यामार्फत एचएमएससीची, म्हणजे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, मंजुरी लागते आणि तिला महिने जातात. वेळापत्रकात पहिल्या महिन्यात सर्व्हे धरलाय, तो खोड.

अजून एक. 2025 च्या मे महिन्यात एनआयएचने जाहीर केलं की नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी संस्थांसाठीची नवी उपअनुदानं, म्हणजे मुख्य संस्थेच्या अनुदानातून पुढे दिला जाणारा हिस्सा, देणार नाही. तेव्हा या अर्जात तुमचा हिस्सा नेमका कोणत्या वाटेने येणार, हे प्रोफेसरांना पहिल्याच मेलमध्ये विचार. आणि एकाच नळावर घागर ठेवून बसू नकोस. तुझा लग्नानंतरच्या गोळ्यांचा प्रश्न छोट्या अर्जात बसवून आयसीएमआरकडे पाठव, 2008 पासून चालू असलेल्या डीबीटी-वेलकमच्या (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या) इंडिया अलायन्सच्या योजनाही बघ. तिकडून थोडे पैसे मिळाले तरी अमेरिकेच्या अर्जात तू हातात काहीतरी घेऊन बसशील.

गोळ्यांचं राहिलं. अभ्यास संपल्यावर त्या कोण देणार, हे मसुद्यात नाही. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वंही संशोधनानंतर रुग्णांना काय मिळणार हे विचारतात. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांशी अर्जाआधीच बोल, त्यांचं पत्र घे. शेवटच्या वर्षात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना एपिलेप्सीचं प्रशिक्षण आणि गोळ्यांचा साठा हळूहळू त्यांच्याकडे, असं महिन्यांनिशी लिही.

गुरुवारी संध्याकाळी घरी ये, जेवायलाच थांब. बजेटची शीट आण. गोळ्यांची ओळ आपण आधी भरू, मग बाकीची.

तुझी,
मॅडम