हॉल पाडायचा की सावरायचा?

प्रश्न : आमच्या कॉलेजचा बास्केटबॉल हॉल १९६९ सालचा. आरसीसीचे कॉलम, वर लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे), त्यावर सिमेंटचे पत्रे. आतून १२० फूट लांब, ६० फूट रुंद. त्यातले पश्चिमेकडचे २० फूट स्टेजने खाल्लेत. कैचीखाली २४ फूट उंची मिळते. गेले तीन पावसाळे पूर्वेकडच्या रिंगखाली बादली ठेवून प्रॅक्टिस चालते. माजी विद्यार्थ्यांनी निधी गोळा करायचं ठरवलं आणि लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, पाडा आणि चकचकीत इनडोअर स्टेडियम बांधा, अमेरिकेतली कॉलेजं असंच करतात. दुसरा म्हणतो, एका विटेला हात लावू देणार नाही. मी दोघांचाही मित्र, त्यामुळे दोघांच्याही शिव्या खातो. तुम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर आहात आणि खेळाडूही होतात, म्हणून विचारतो. काय करावं?
— एक माजी विद्यार्थी, एरंडवणे

उत्तर : आधी माझा पक्षपात सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी पकडायला नको. मी अशाच एका पत्र्याच्या हॉलमध्ये खेळायला शिकलो, त्यामुळे ‘पाडा’ म्हटलं की पोटात कालवतं. पण चाळीस वर्षं इमारती तपासून घर चालवलं, आणि त्यातल्या दोन हॉलबद्दल ‘पाडा’ असं मीच लिहून दिलंय. तेव्हा हळवेपणा बाजूला ठेवू आणि टेप काढू.

फिबाचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या मापाचं, कोर्ट २८ मीटर बाय १५ मीटर. रेषेबाहेर चारही बाजूंना निदान २ मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे ३२ बाय १९. वर ७ मीटरपर्यंत काही आडवं यायला नको. तुमची उंची ७.३२ मीटर भरते, म्हणजे पास. रुंदी १८.२९ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना १.६४ मीटर, वीतभर नाही, चांगली दीड वीत कमी. आणि लांबी? स्टेज सोडून १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर. बेसलाइनमागे, म्हणजे टोकाच्या रेषेमागे, जेमतेम १.२४ मीटर उरतात. ले-अपला, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन चेंडू टाकायला, जोरात गेलेला पोरगा एका टोकाला भिंतीवर आपटत असणार आणि दुसऱ्या टोकाला स्टेजच्या कडेवर नडगी फोडून घेत असणार. बरोबर ना?

तर तुमच्या भांडणात विटेचा दोष कमी आणि स्टेजचा जास्त. स्टेज काढलं तर लांबी ३६.५८ मीटर होते. कोर्ट मध्यावर आणलं की दोन्ही बेसलाइनमागे सव्वाचार मीटर मिळतात; २ मीटर सोडूनही प्रेक्षकांच्या तीन पायऱ्या बसतील. गॅदरिंग कुठे करायचं हा प्रश्न येईल, आणि मला खात्री आहे की बैठकीत खरी खडाजंगी तिथेच उडेल. पण नवीन इमारत बांधली तरी कुणीतरी त्यात स्टेज घुसवणारच. तेव्हा हे भांडण आत्ताच उरकून घ्या. रुंदीतली ३५ सेंटिमीटर मात्र तशीच राहील. भिंतींना जाड पॅडिंग लावा आणि मोठ्या स्पर्धांचा नाद सोडा. सरावाला आणि साध्या सामन्यांना हा हॉल उत्तम आहे. राष्ट्रीय स्पर्धा बालेवाडीत होऊ देत की.

(स्कोअरचं टेबल आणि खेळाडूंचे बाक लांब बाजूलाच लागतात. व्हरांडा असेल तर दोन कॉलममधली भिंत काढून टेबल मागे सरकवता येतं. पण त्या भिंती भूकंपात इमारतीला आधार देत असतात. इंजिनिअरला विचारल्याशिवाय घण घालू नका.)

आता हाडं तपासू. कुणीतरी स्वस्तातला ‘ऑडिटर’ येईल, स्प्रिंगचा हॅमर कॉलमवर चार ठिकाणी मारेल आणि आकडे चांगले आले म्हणून सर्टिफिकेट देईल. जुन्या काँक्रीटवर हा हॅमर खोटं बोलतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची वरची कातडी कडक होते आणि आकडा उगाच चढतो. आतली सळई मात्र त्याच कारणाने गंजायला मोकळी झालेली असते. म्हणून कॉलमचा कोपरा थोडा फोडून त्या ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय. रंग आलाच नाही आणि ते बिनरंगाचं काँक्रीट सळईपर्यंत पोचलेलं असेल, तर काळजी करा. जोडीला अल्ट्रासॉनिक तपासणी करा. काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली संशयास्पद. शंका असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल नमुना, काढून तो मशीनमध्ये दाबून बघा. एवढं केल्याशिवाय ‘पाडा’ म्हणणाऱ्यालाही बोलू देऊ नका आणि ‘वाचवा’ म्हणणाऱ्यालाही.

कुठे बघायचं तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका कॉलेजच्या हॉलवर गेलो होतो, नाव कशाला घ्या. सगळे कॉलम नुकतेच पुट्टी मारून पिवळे रंगवलेले. साधी हातोडी घेऊन एकेक वाजवत गेलो. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. वायव्येच्या कॉलमला पायाशी आवाज आला भद्द. पन्हळीचा पाइप पूर्वी कुणी हौसेने त्या कॉलमच्या आतून खाली नेला होता, आणि तो वर्षानुवर्षं आतल्या आत गळत होता. पुट्टी खरवडून स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर मुठीपर्यंत आत गेला. सळई गंजली की फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. रंगाच्या खाली हे दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बरोबर आलेले प्राचार्य एकदम दोन पावलं मागे सरकले. तो हॉल पाडला का? नाही. बाकी सगळे कॉलम धडधाकट होते. त्या एकाला टेकू दिला, सडलेलं काढलं, नवी सळई बांधून जॅकेटिंग केलं, म्हणजे भोवती काँक्रीटचं नवं वेष्टण चढवलं, आणि पाइप बाहेरून नेला. आजही पोरं खेळतायत.

तुमच्या १९६९ च्या हॉलला आणखी एक खोट असणार, न पाहता सांगतो. कॉलममधल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, विरळ. भूकंपात कॉलम तुकडे न होता वाकावा म्हणून रिंगा दाट बांधायच्या, याचं स्वतंत्र भारतीय मानक १९९३ साली आलं, किल्लारीच्या वर्षी. त्याआधीच्या कॉन्ट्रॅक्टरला दोष देण्यात अर्थ नाही. पण दुरुस्ती करायचीच असेल तर कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांचं जॅकेटिंग त्याच खर्चात धरा. पायाची मात्र मला फारशी भीती नाही. पुण्यात बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की मुरूम आणि खाली काळा पाषाण. भरावाची किंवा जुन्या ओढ्याची जागा असेल तर गोष्ट वेगळी.

उरलं छप्पर, आणि खरं दुखणं तिथेच आहे. सिमेंटचे पत्रे म्हणजे ॲस्बेस्टॉसचे. ते घण घालून फोडू नका, कटरने कापू नका. पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा. तंतू हवेत उडाले की फुप्फुसात जातात. त्याजागी रंगीत लोखंडी पत्रा येईल, आणि तो दोन थरांमध्ये इन्सुलेशन असलेलाच घ्या. नुसता पत्रा घातलात तर श्रावणातल्या सरीत पंचाची शिट्टी ऐकू येणार नाही. आता एक गंमत. नवा पत्रा जुन्यापेक्षा बराच हलका, म्हणून सगळे खूश होतात की कैच्यांवरचं ओझं कमी झालं. पण वळवाचं वारं छपराला खालून वर उचलतं, आणि जुना जड पत्रा स्वतःच्या वजनाने बसून राहायचा. हलक्या छपराला धरून ठेवतात ते बोल्ट. म्हणून कैची कॉलमवर जिथे टेकते तिथली प्लेट आणि बोल्ट उघडून बघा. गंज असेल तर तेच आधी बदला.

तुमच्या अमेरिकावाल्या मित्राला मी दोन नावं देतो. इंडियानापोलिसला बटलर विद्यापीठाचं हिंकल फील्डहाउस १९२८ पासून उभं आहे. १९३३ मध्ये त्यांनी आतलं कोर्ट पूर्व-पश्चिम होतं ते फिरवून उत्तर-दक्षिण केलं; पुढे खुर्च्या कमी केल्या, पण विटांचं कवच ठेवलं. १९८७ साली ते राष्ट्रीय वारसा ठरलं. दुसरं नाव ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरॉन स्टेडियमचं. १९४० सालचं, आणि बसायला ९,३१४ जागा. तिकडच्या मानाने घरचं अंगणच म्हणायचं. ते त्यांनी पाडलेलं नाही.

आणि ‘विटेला हात नाही’वाल्या मित्रालाही एक नाव देतो. कॅन्सस सिटीचं केम्पर अरीना. १९७४ मध्ये उघडलं, आणि ४ जून १९७९ च्या वादळी पावसात त्याच्या छपराचा मोठा भाग खाली आला. नशीब, आत प्रेक्षक नव्हते. छपरावर पाणी साचलं होतं, आणि छप्पर टांगून धरणारे बोल्ट वाऱ्याने हलून हलून आधीच थकलेले होते. इमारत अवघी पाच वर्षांची होती! पण पुढे ते दुरुस्त झालं, १९८८ मध्ये कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय फायनल तिथेच झाली. नंतर तेही पाडून नवं बांधायची टूम निघाली होती. शेवटी पाडलं नाही. आत आणखी एक मजला घातला, आणि २०१८ पासून दोन मजल्यांवर पोरं खेळतात. तेव्हा बादली ही आठवण म्हणून जपायची गोष्ट नाही, एवढं त्यांना सांगा.

माझा कौल असा. तपासणीत निम्म्याहून जास्त कॉलम सडलेले निघाले, किंवा दुरुस्तीचा अंदाज नव्या हॉलच्या निम्म्यापुढे गेला, तर डोळे पुसून पाडा. नाहीतर सावरा. पाडायच्या आधी एकच विचार करा. नवं बांधायचं म्हणजे आजच्या नियमांनी बांधायचं. सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची जागा), पार्किंग, अग्निशमनाचा ना हरकत दाखला, सगळं आलं. १९६९ मध्ये कुंपणाला चिकटून उभी राहिलेली इमारत आज त्याच जागी तेवढीच उभी राहीलच असं नाही. शिवाय पाडणं एका सुट्टीत होतं, बांधणं निधी येईल तसं. मधल्या तीन-चार वर्षांत त्या सपाट जागेवर स्कूटर लागू लागल्या की त्या हलत नाहीत. पुण्यात राहता, हे तुम्हाला सांगायला नको.

कामाचा क्रम मात्र चुकवू नका. दिवाळी झाली की छपराला हात, मग कॉलम, आणि लाकडी फ्लोअर सगळ्यात शेवटी. एका ठिकाणी देणगीदाराला उद्घाटनात चकाकणारं काहीतरी दाखवायचं होतं म्हणून मेपलचं लाकडी फ्लोअर आधी बसवलं आणि छप्पर ‘पुढच्या वर्षी’वर टाकलं. जुलैत फळ्या फुगून मधोमध उंटाच्या पाठीसारख्या उठल्या. तुमच्याकडे पैसे कमी पडले तर जुन्या फरशीवर आणखी दोन वर्षं खेळा, पण छप्पर अर्धं करू नका.

प्रश्न : मुलीच्या शाळेत उघडं सिमेंटचं कोर्ट आहे. पावसाळाभर खेळ बंद. पालक वर्गणी काढून त्यावर शेड घालू म्हणतात. हॉलचा खर्च झेपणार नाही. शेड चालेल का?
— एक पालक, पर्वती

उत्तर : चालेल काय, धावेल. शाळेला भिंती नसलेली शेडच बरी. वारा खेळतो आणि गॅदरिंगवाले फिरकत नाहीत. खांब मात्र रेषेपासून २ मीटर बाहेर हवेत, आणि त्यांना मुलींच्या उंचीपर्यंत पॅडिंग. कैचीखाली ७ मीटर उंची सोडा. एवढ्या उंचीवरून पावसाची झड तिरकी आत येते, म्हणून नैर्ऋत्येच्या बाजूला पत्रा पुढे काढून थोडा खाली उतरवा. चारही बाजू बंद करू नका, नाहीतर एप्रिलमध्ये भट्टी होईल. भिंती नसल्या की वारा थेट छपराखाली शिरून त्याला उचलतो, तेव्हा खांबांचे पाये ‘शेडच तर आहे’ म्हणून फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. इंजिनिअरकडून गणित करून घ्या. आणि वर्गणी काढायच्या आधी एक दिवस पावसात कोर्टावर जाऊन उभ्या राहा. पाणी कुठे साचतं ते खडूने आखून ठेवा. शेडखाली ते कोरडं होईल हे खरं, पण बाजूच्या मैदानाचं पाणी कोर्टाकडे उतरत असेल तर आधी चर खणावा लागेल.