ऑफिसला रोज लावायला माझ्या स्टाइलला शोभेल असा परफ्युम कसा निवडू?

कागदी पट्टीवर वास घेऊन लगेच बाटली उचलू नका, हे पहिलं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं जो लिंबू-संत्र्यासारखा फ्रेश वास येतो ना तो उडून जातो आणि मग जो राहतो तोच तुम्हाला दिवसभर सांभाळायचाय, म्हणून मनगटावर एक स्प्रे मारा, चोळू नका, बाहेर जाऊन चहाबिहा घ्या आणि दोन-तीन तासांनी पण आवडला तरच पैसे काढा. एका वेळी दोनच ट्राय करा, पुढे नाक काम करत नाही.

आता स्टाइल. कॉटनचे कुर्ते, साधे शर्ट असं असेल तर वाळा किंवा लिंबूवर्गीय काहीतरी. ऊद, व्हॅनिला वगैरे जड गोड वास संध्याकाळच्या फंक्शनला ठीक, पण मे महिन्यात मुंबईच्या लोकलमध्ये ते लावून चढणं म्हणजे शेजारच्याला शिक्षा! रोजसाठी ओ द तॉयलेत (बाटलीवर EDT, कमी तेलाचा हलका प्रकार) पुरतं, ओ द पार्फममध्ये (EDP) सुगंधी तेल साधारण १५ ते २० टक्के असतं त्यामुळे ते टिकतं जास्त आणि महागही पडतं.

मला विचाराल तर एकदा अत्तर बघाच. उत्तर प्रदेशातल्या कनौजचं मिट्टी अत्तर, पहिल्या पावसाच्या मातीचा वास, पैठणी नेसा किंवा जीन्स घाला, कशासोबतही चालतं. कानामागे एक थेंब बास. कपड्यांवर मात्र लावू नका, तेलाचा डाग पडतो.