मैलभर अंतरावर गोळ्या वर-खाली का पडतात: ३३८ लापुआच्या घरी भरलेल्या काडतुसांविषयी

आपला प्रश्न असा आहे: ३३८ लापुआ मॅग्नम या लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी ३०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे माप, ३०० ग्रेन म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅम) बुलेट घालून घरी भरलेली काडतुसे १०० यार्डांवर अर्ध्या एमओएचे (कोनाचे माप, इथे सुमारे अर्धा इंच) गट देतात, पाच गोळ्यांच्या वेगाचे प्रमाण विचलनही अवघे ६ फूट प्रतिसेकंद दिसते, तरी मैलावरच्या पोलादी पाटीवर दहा गोळ्या उभ्या दिशेत जवळजवळ तीन फूट पसरतात, तेव्हा पावडर बदलावी की बुलेट? माझ्या मते सध्या दोन्ही बदलू नयेत. दोष काडतुसात असण्याची शक्यता मोठी आहे, पण तो नेमका कोणता हे ठरवण्याइतका पुरावा आपण अजून गोळा केलेला नाही.

आधी वेगाचा हिशेब पाहू. २,७५० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास सुटलेली ही बुलेट मैल गाठायला तीन सेकंदांच्या जवळपास वेळ घेते, आणि सुटतानाच्या वेगात १० फूट प्रतिसेकंदाचा फरक पडला, तर तिथे गोळी साधारण आठ-नऊ इंच वर किंवा खाली लागते. तोच फरक १०० यार्डांवर इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकाही नसतो. म्हणजे १०० यार्डांवरचा गट नळी, बुलेट आणि नेमबाज यांच्याविषयी बरेच सांगत असला, तरी वेगातल्या चढउताराविषयी तो काहीही सांगत नाही. लांब पल्ल्याचा लोड (पावडर, बुलेट आणि त्यांच्या प्रमाणाची जुळणी) केवळ जवळच्या गटावरून निवडणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते.

आता त्या ६ या आकड्याकडे वळू. पाच गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन हे पाच चेंडूंवरून फलंदाजाची सरासरी ठरवण्यासारखे आहे. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या गणिताने पाहिले, तर पाच गोळ्यांत ६ दिसले असता खरे मूल्य साडेतीनपासून सतरापर्यंत कुठेही असू शकते, आणि हे ९५ टक्के खात्रीने बोलताना. दहा गोळ्यांवर हीच मर्यादा सुमारे चार ते अकरा होते, तीस गोळ्यांवर सुमारे पाच ते आठ. समजा आपल्या लोडचे खरे विचलन १२ आहे. मग दहा गोळ्यांतील सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत सरासरी ३७ फूट प्रतिसेकंदांचे अंतर पडेल आणि मैलावर त्याचे तीसएक इंच होतील. रायफलचा स्वतःचा फैलाव त्यात मिसळला, की आपले तीन फूट जवळपास पूर्ण झाले. पाच गोळ्यांतला ६ आणि दहा गोळ्यांतले तीन फूट यांत काहीच विसंगती नाही.

याच कारणासाठी वेगाच्या आलेखातील ‘सपाट जागा’ शोधण्याच्या प्रचलित पद्धतीवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. पावडर ०.३ ग्रेनने वाढवत प्रत्येक पायरीवर एक-दोन गोळ्या झाडायच्या आणि जिथे वेग वाढलेला दिसत नाही तो ‘नोड’ मानायचा, अशी ती पद्धत. या आकाराच्या केसमध्ये (काडतुसाच्या पितळी नळकांड्यात) ०.३ ग्रेनने वेग साधारण आठ-नऊ फूट वाढतो आणि दोन गोळ्यांमधला नैसर्गिक फरकच त्याहून मोठा असतो. अशा आलेखात सपाट जागा दिसणारच. दुसऱ्या दिवशी तीच चाचणी घ्या, ती वेगळ्या ठिकाणी दिसेल. त्यापेक्षा उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून बेताने वर जावे, केसच्या बुडावर इजेक्टरची (रिकामी केस बाहेर ढकलणाऱ्या भागाची) छाप उमटू लागली किंवा बोल्टची मूठ उचलायला जड जाऊ लागली, म्हणजे दाब फार वाढल्याची खूण दिसली, की थांबावे, आणि त्याच्या बऱ्यापैकी खालचा, वेग पुरेसा देणारा लोड घेऊन त्याच्याच तीस गोळ्यांची नोंद करावी. बुलेट महाग आहे हे खरे, पण तीन-तीन गोळ्यांच्या दहा चाचण्यांनाही तेवढ्याच लागतात आणि हाती काही येत नाही.

विचलन खरोखर मोठे निघाले, तर मी सर्वांत आधी केसची मान पाहीन. प्रत्येक वेळी झाडताना मान फुगते, डायमध्ये (केसला आकार देणाऱ्या साच्यात) पुन्हा आवळली जाते, आणि या ओढाताणीत पितळ कडक होत जाते. कडक पितळ आवळल्यावर कमी-अधिक मागे उसळते, त्यामुळे एक केस बुलेटला घट्ट धरते तर दुसरी सैल. बुलेट बसवताना हाताला जाणवणारा दाब प्रत्येक काडतुसाला वेगळा लागत असेल, तर खूण स्पष्ट आहे. उपाय म्हणजे मान आणि खांदा ठरावीक वेळ तापवून पितळ मऊ करणे. केसचे बूड मात्र कधीही तापू देऊ नये, कारण दाब तेच पेलते. त्यानंतर मानेचा आतला व्यास मँड्रेल (ठरावीक जाडीची सळई) घालून बुलेटपेक्षा सुमारे दोन हजारांश इंच लहान ठेवावा. मानेच्या आतला काजळीचा पातळ थर मी पूर्ण घासून काढत नाही. चकचकीत कोऱ्या पितळाला बुलेट चिकटून बसते. केसा एकाच खेपेच्या आणि तितक्याच वेळा झाडलेल्या असाव्यात, हे वेगळे सांगायला नको. प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) प्रत्येक वेळी खोबणीच्या तळाला नीट टेकलेला असावा. वरवर बसवलेला प्रायमर फायरिंग पिनचा जोर खातो.

वजनकाट्यावर इतका पैसा का ओतला जातो, हे मला कळत नाही. लांबट दाण्याच्या पावडरचा एक दाणा ०.०२ ग्रेनच्या आसपास भरतो आणि तो दाणासुद्धा मोजणारे काटे आज मिळतात. पण ०.१ ग्रेनच्या चुकीने वेग फार तर तीन फूट बदलतो. शिवाय चढउतार सरळ बेरजेने मिसळत नाहीत, त्यांचे वर्ग मिसळतात: एकूण विचलन १२ असेल आणि काट्याचा वाटा २ असेल, तर तो वाटा शून्यावर आणूनही ११.८ उरतात. विचलन ६ च्या खाली आल्यावर काट्याचा विचार करावा.

पावडर बदलण्याचे एक सबळ कारण असते, ते म्हणजे तापमान. आपण न्यू मेक्सिकोतल्या रॅटनच्या नेमबाजी मैदानासारख्या ठिकाणी जाणार असाल, तर सकाळ आणि दुपार यांत २० अंश सेल्सिअसचा फरक सहज पडतो. तापमानाला हळव्या पावडरीचा वेग तेवढ्यात ३०-४० फूट चढू शकतो आणि दाबही त्याच्यासोबत चढतो. एच१०००, रेटुम्बो या ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या पावडरी या बाबतीत बऱ्याच स्थिर आहेत. मात्र यामुळे सकाळचा आणि दुपारचा गट वर-खाली सरकेल. सलग झाडलेल्या दहा गोळ्यांचा फैलाव त्याने समजावता येत नाही.

भारतातून हे वाचणाऱ्यांनी कृपया ध्यानात घ्यावे, की तिथे शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. हे उत्तर अमेरिकेतील, कायदेशीर मालकी असलेल्या सदस्यापुरते आहे.

पुढच्या वेळी मैलावर जाताना डॉपलर क्रोनोग्राफ (रडारने गोळीचा वेग मोजणारे यंत्र) सोबत न्यावा, आणि प्रत्येक गोळीचा वेग व पाटीवरची तिची उंची शेजारी शेजारी लिहावी. वेगवान गोळ्या वर आणि मंद गोळ्या खाली लागत असतील, तर दोष वेगाचा आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे केसपासून सुरुवात करावी. दोहोंत काही मेळ दिसला नाही, तर पावडर, प्रायमर आणि मान निर्दोष समजावेत. मग संशय बुलेटच्या बॅलिस्टिक कोएफिशंटमधील (हवेचा अवरोध कापण्याची क्षमता दाखवणाऱ्या आकड्यातील) फरकावर येतो: मैलावर एका टक्क्याचा फरकही काही इंच खातो. बुलेट बुडापासून ओजाइव्हपर्यंत (टोकाकडच्या निमुळत्या वळणापर्यंत) मोजून वेगळ्या कराव्यात, टोके एकसारखी करून घ्यावीत. पण नवा डबा मागवण्याआधी दुर्बिणीच्या रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने तपासावेत आणि पॅरालॅक्स (डोळा हलला की नेमरेषा लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणे) त्या अंतरावर खरोखर निघाला आहे का, हे डोके किंचित हलवून पाहावे.