मुलीला फुटबॉलची पंच व्हायचंय

"माझी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळायची, पण गुडघा दुखावल्यापासून खेळणं बंद. आता म्हणते, रेफ्री असोसिएशनमध्ये नाव घालते. तिथं पगार नाही, उलट वर्गणी भरायची. सगळे रविवार मैदानावर जाणार, वर लोकांच्या शिव्या खायच्या. यात करिअर आहे का, सर?" – एक आई, मिरज

ताई, पोट भरण्याएवढं करिअर यात नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. जिल्हा पातळीवर पंचाला सामन्यामागं मानधन मिळतं, आणि ते थोडं असतं. सरकारी नोकरीतलं ५ टक्के क्रीडा आरक्षणही खेळाडूंसाठी आहे, पंचांसाठी नाही. त्यामुळं बी.एस्सी. सोडायचा विषयच घरात निघायला नको. तरीही माझं मत आहे, तिला जाऊ द्या.

त्याआधी गुडघा. पंचगिरी म्हणजे उभं राहून शिट्टी वाजवणं, असा पुष्कळांचा समज असतो. वरच्या दर्जाच्या सामन्यात पंच १० ते १२ किलोमीटर पळतो. फिफाच्या महिला पंचांच्या चाचणीत ४० मीटरच्या सहा दौडी, प्रत्येक ६.४ सेकंदांत. मग ७५ मीटर धाव नि २५ मीटर चाल, असं चाळीस वेळा. तिला लगेच एवढं करायचं नाही, पण वाट त्याच दिशेची आहे. हाडांच्या डॉक्टरांनी पळायला परवानगी दिल्याशिवाय नाव घालू नका.

आता शिव्यांचं. त्या बसतात, आणि आईला ते ऐकवत नाही, हे मी समजू शकतो. पण त्या का बसतात ते ऑफसाइडवरून बघा. ऑफसाइड म्हणजे समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात आक्रमक चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्याही (गोलरक्षक धरून) पुढं असणं. साथीदार चेंडू मारतो त्या क्षणी आक्रमक कुठं होता, एवढंच पंचानं पाहायचं. चेंडू त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो चार पावलं पुढं गेलेला असतो, आणि कठड्यावरचा माणूस ओरडतो ते ती चार पावलं बघून. लाइनवरचा सहायक पंच मात्र शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभा असतो, म्हणून त्याला खरं दिसतं. कधी त्याचंही चुकतं. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत चूक लक्षात आली, तर पंचाला निर्णय बदलता येतो, तशी नियमात सोय आहे. अख्खं मैदान अंगावर येत असताना तो बदलायला केवढी छाती लागते! एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी हे शिकवणारी जागा मला दुसरी माहीत नाही.

नियम सतराच आहेत, पुस्तक घरी वाचता येतं. पण सामन्यानंतर बाजूला बसवून "त्या फाउलला तू दहा पावलं लांब होतीस" असं सांगणारं माणूस लागतं. असोसिएशनमध्ये जायचं ते त्यासाठी. ती चालवणारे बहुधा नोकरी-धंदा सांभाळून पदरचा वेळ देणारे जुने पंच असतात. सामने वाटणं, नवख्याला आधी लाइनवर, मग शाळकरी मुलांच्या सामन्यात मधे उभं करणं, हे सगळं तेच बघतात. त्यांना शब्द दिला की सकाळी सातला मैदानावर हजर राहावं लागतं. परीक्षेच्या महिन्यात सामने घेणार नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.

तुम्ही स्वतः जाऊन दोन गोष्टी विचारा. जतला किंवा आटपाडीला सामना असेल तर मुलगी कुणाबरोबर जाणार-येणार? आणि मैदानावर दुखापत झाली तर खर्च कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं, तर थांबा.

पुढची वाट जिल्हा, राज्य, देश अशी चढत जाते. राज्याचं काम वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन बघते. फिफाच्या आंतरराष्ट्रीय पंचांच्या यादीत सहायक पंच म्हणून यायला किमान वय २३ आणि मुख्य पंच म्हणून २५, म्हणजे पदवीला पुरेसा वेळ आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनमधल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. पुरुषांच्या विश्वचषकात बाईनं शिट्टी धरायला मात्र २०२२ साल उजाडलं, कोस्टा रिका विरुद्ध जर्मनी सामन्यात, फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांच्या हातात.

तिच्या पहिल्या सामन्याला तुम्ही जालच. तेव्हा ती ज्या लाइनवर असेल, तिच्या समोरच्या बाजूला बसा. पाठीमागं आई कुणाशी भांडतेय हे ऐकू आलं, तर तिचं लक्ष चेंडूवरून उडेल.