कंबर दुखते, मग दात का तपासायचे?

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, मधुमेही. महिनाभर कंबर दुखत होती, मग थंडी वाजून ताप येऊ लागला म्हणून दाखल केलं. एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या चकतीत संसर्ग दिसला. रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) चौथ्या दिवशी ‘पार्व्हिमोनास मायक्रा’ नावाचा जंतू आला. डॉक्टर म्हणतात, दात दाखवा आणि जरा बरं वाटलं की कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करा. दुखतेय कंबर, मग हे कशाला? जंतू हॉस्पिटलातच लागला का? – एक वाचक

उत्तर : हॉस्पिटलची शंका आधी मनातून काढून टाका. कंबर तर दाखल होण्याच्या महिनाभर आधीपासून दुखत होती, आणि हा जंतू बहुधा बाबांच्याच शरीरातला आहे. हिरड्यांच्या खाचांत, आतड्यात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही तिथे तो मुकाट्याने राहतो. दाताच्या मुळाशी पू झाला किंवा आतड्याचं अस्तर कुठे फाटलं, की तो रक्तात उतरतो. मग मणक्यांमधली चकती किंवा हृदयाची झडप पकडतो. त्यामुळे हृदयाची इको झाली नसेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. असे जंतू किती सहज निसटतात ते रोज पाहते. एकदा गळवातला पू कोरड्या कापसाच्या बोळ्यावर आला. मायक्रोस्कोपखाली जांभळ्या ठिपक्यांच्या माळाच माळा, दोन दिवसांनी जंतू वाढवायची प्लेट मात्र कोरी. हवा लागून जंतू वाटेतच मेले होते. मी वॉर्डात फोन करून सिरिंजमध्ये ओढलेला ताजा पू मागवला. हवाबंद डब्यातली प्लेट ४८ तासांनी काढली, तर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके! त्या पेशंटचं औषध त्याच दिवशी बदललं. रक्ताच्या कल्चरमध्येही एक बाटली ऑक्सिजनची आणि एक बिनऑक्सिजनची असते. ही दुसरी बाटली भरली नाही तर असा जंतू सापडणं मुश्कील. तुमच्याकडे तो सापडला, हे मी फार मोलाचं मानते.

तापही यात फसवा असतो. कधी येतो, कधी नाही, आणि दुखणं वय झाल्याच्या खात्यावर जातं. मधुमेह, केमोथेरपी, पोटाचं ऑपरेशन, खोल बेडसोअर असलेल्या पेशंटमध्ये मला जास्त धास्ती वाटते.

आता कोलोनोस्कोपी. रक्तात हा जंतू सापडलेल्यांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त वेळा आढळतो. ‘क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम’ या ऑक्सिजनशिवायच वाढणाऱ्या दुसऱ्या एका दुर्मीळ जंतूच्या बाबतीत तर हे नातं फार जुनं आणि घट्ट आहे. म्हणून बाबांना कॅन्सर आहेच असं मुळीच नाही. पण तिथे एखादी गाठ असेल तर ती लवकर सापडावी, एवढ्यासाठी ही तपासणी मी टाळू देणार नाही. बाबांना सांगा, झोपेचं औषध देऊन करतात. त्रास असतो तो आदल्या दिवशी पोट साफ करण्याचा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन त्या दिवशी कसं घ्यायचं, तेवढं आधी विचारून ठेवा.

मणक्याच्या संसर्गाला अँटिबायोटिक साधारण ६ आठवडे लागतं. ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका. दात मात्र याच आठवड्यात दाखवा. मुळाशी पू तसाच राहिला तर जंतू पुन्हा रक्तात उतरेल. आणि बाबांचे पाय लुळे पडू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी त्यांना थेट हॉस्पिटलात न्या.