द्राक्षबाग विकून जर्मनीला जावं का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेजारी वही घेऊन आकडे मांडले. बाकीच्या वाचकांसाठी हकिकत थोडक्यात सांगतो.

तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता. यजमान ४८ वर्षांचे, अंबडच्या कारखान्यात नोकरीला. त्यांच्या लहान आतड्यात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, निघाला, गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, पण लिव्हरवर डाग आहेत. दर महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन चालू असूनही ताज्या स्कॅनमध्ये ते डाग वाढलेले दिसले. मुंबईच्या डॉक्टरांनी ल्युटेशियम या किरणोत्सारी औषधाचे चार डोस सुचवलेत, खर्च साधारण १० लाख. त्याच आठवड्यात एका मध्यस्थाने जर्मनीत ॲक्टिनियम या दुसऱ्या किरणोत्सारी औषधाचा उपचार करून देतो म्हणून ४१ लाखांचा आकडा दिला. आणि दिंडोरी तालुक्यातल्या सव्वा एकर बागेला ५२ लाखांचं गिऱ्हाईक आलंय, त्याला पंधरा दिवसांत साठेखत हवंय. सासूबाई म्हणतात, माणसापुढे बाग काय. भाऊजींनी तुम्हाला कार-टी सेल उपचाराचा (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरवर सोडायच्या) व्हिडिओ पाठवलाय. एफडी, सोनं, पीएफ, विमा आणि कर्जाचे आकडेही तुम्ही दिलेत. तुमचा प्रश्न एवढाच आहे, बाग विकू का?

आत्ता विकू नका. सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि माणूस वाचवायचाय म्हणूनच बाग राखा असं सांगतोय.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. २०१६ मध्ये माझ्या थोरल्या भावाला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. आम्ही सगळेच घाबरलो. आडगावकडचा प्लॉट आठ दिवसांत विकला, मिळेल त्या भावाला. विसाराचे पैसे मोजताना भावाचे हात थरथरत होते, ते मला अजून दिसतं. त्याला आर-चॉप नावाची केमोथेरपी दिली, एकवीस दिवसांच्या अंतराने सहा सायकल. त्यातलं महागडं औषध म्हणजे रितुक्झिमॅब. त्याची भारतीय आवृत्ती २००७ पासूनच मिळत होती, त्यामुळे खर्च आमच्या धास्तीपेक्षा बराच कमी झाला. साडेचार महिन्यांत उपचार संपले. भाऊ आज ठणठणीत आहे, याहून मोठं काहीच नाही. पण प्लॉटचे निम्म्याहून जास्त पैसे बँकेत पडून राहिले आणि तशी जागा पुन्हा घेणं आम्हाला कधीच जमलं नाही. त्या आठ दिवसांत मी, लोकांना पैशाचा सल्ला देणारा माणूस, कागदावर एक बेरीजही केली नव्हती.

तुमच्या घरचा आजार वेगळ्या चालीचा आहे, आणि पैशाचं सगळं गणित त्या चालीवर बसतं. भावाचा लिम्फोमा अंगावर धावून आला आणि काही महिन्यांत निकाल लागला. तिथे खर्च एकदाच आणि मोठा होता. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर बहुतेकदा सावकाश चालतो. डॉक्टर त्याला वर्षानुवर्षं रोखून धरायचा प्रयत्न करतात. आज इंजेक्शन, मग ल्युटेशियम, पुढे लागलंच तर गोळ्या, कधी पुन्हा ल्युटेशियमचे एकदोन डोस. लग्नाला लागतो तसा रोकडा इथे एकदम लागत नाही. पोरांच्या फीसारखा तो दरवर्षी लागत राहतो.

तुमच्या पत्रात जर्मनीवर अर्धं पान आहे आणि इंजेक्शनवर एकच ओळ, "महिन्याला २४,००० जातात." ताई, मी त्या ओळीवर थांबलो. वर्षाचे २ लाख ८८ हजार. पाच वर्षं धरली तर १४ लाख ४० हजार, म्हणजे ल्युटेशियमच्या चारही डोसांपेक्षा जास्त. शिवाय हे इंजेक्शन दवाखान्यात दाखल न होता घेतलं जातं, त्यामुळे मेडिक्लेममधून ते बहुधा मिळत नाही. तुमचा खरा मोठा खर्च हा आहे. आता बाग विकून जर्मनीला गेलात असं धरू. ५२ मधून ४१ गेले, उरले ११ लाख. तेवढ्यात इंजेक्शनची चार वर्षंही निघत नाहीत आणि बाग गेलेली असते. उलट बाग ठेवली तर, तुम्हीच लिहिलंय, गेल्या हंगामात खर्च वजा जाता अडीच लाख हातात आले. अवकाळीने एखादं वर्ष बुडेल, हे दिंडोरीच्या माणसाला मी काय सांगणार. यजमानांना आता औषध फवारणी आणि गोडी छाटणीची धावपळ झेपणार नाही, म्हणून बाग खंडाने द्यावी लागेल आणि पैसे कमी येतील. तरीही वर्षाच्या इंजेक्शनांचा बराच भार ती उचलते.

उपचार कोणता घ्यायचा हे डॉक्टर ठरवतील, तो माझा प्रांत नाही. पण ४१ लाख कशावर लावतोय हे समजून घेणं माझं काम आहे. या गाठीच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे ते चिकटायच्या जागा, असतात. तुमचं मासिक इंजेक्शन त्यांच्यावरच काम करतं. ल्युटेशियमच्या उपचारात त्याच रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडलेलं असतं, म्हणून किरण गाठीपाशी पोचतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ या चाचणीत २२९ रुग्ण होते. सगळ्यांचा आजार आतड्याच्या मधल्या भागातला आणि ऑक्ट्रिओटाइड चालू असताना वाढलेला, अगदी यजमानांसारखा. वीस महिन्यांनंतरही आजार न वाढण्याचं प्रमाण ल्युटेशियमच्या गटात सुमारे ६५ टक्के होतं आणि नुसत्या वाढीव ऑक्ट्रिओटाइडच्या गटात सुमारे ११ टक्के. १० लाखांच्या मागे एवढा भक्कम पुरावा उभा आहे. ॲक्टिनियम-२२५ मधून अल्फा किरण निघतात, ते जास्त जोरकस आणि कमी अंतर जाणारे. त्यावर दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनीच २०२० मध्ये आपले सुरुवातीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. ते आशादायक आहेत, पण मोठ्या तुलनात्मक चाचण्यांचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांना सरळ विचारा, "पुढे कधी ॲक्टिनियम लागलंच तर ते भारतात मिळेल का?" या प्रश्नाचं उत्तर घेतल्याशिवाय मध्यस्थाला एक रुपया देऊ नका. तो "ट्रायल" हा शब्द वापरत असेल तर जास्तच जपून राहा. नव्या औषधाच्या रीतसर चाचणीत ते औषध साधारणपणे रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही.

भाऊजींच्या व्हिडिओबद्दल. कार-टी खरी आहे आणि मला तिचं फार कौतुक आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून घडवलेल्या नेक्सकार-१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. पण ती बी-सेल लिम्फोमा आणि ल्युकेमियासाठी आहे, त्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखणारी. यजमानांच्या आजाराला ती लागू नाही. मात्र त्या व्हिडिओतून एक गोष्ट घ्यावी. दहा वर्षांपूर्वी ज्या उपचारासाठी परदेशाशिवाय वाट नव्हती, तो आता अमेरिकेच्या दराच्या सुमारे दहाव्या हिश्शात इथे मिळतो. संशोधन असं आपल्या दाराशी येतं, थोडं उशिरा येतं. ते येईल तेव्हा तुमच्या हातात काहीतरी शिल्लक हवं. बाग ही ती शिल्लक आहे.

आता १० लाखांची सोय. कंपनीच्या ५ लाखांच्या मेडिक्लेममधले या वर्षी १ लाख ६० हजार वापरले गेलेत, म्हणजे ३ लाख ४० हजार बाकी. पॉलिसी १ एप्रिलला नवी होते. डोस साधारण आठ आठवड्यांनी असतात. पहिला जानेवारीत झाला तर दुसरा मार्चमध्ये, आणि तिसरा-चौथा नव्या वर्षाच्या ५ लाखांत बसतील. म्हणून डॉक्टरांची तारीख विम्यासाठी हलवायची, असं मात्र करू नका. पहिल्या डोसच्या आधी रुग्णालयाकडून विमा कंपनीला पूर्वमंजुरीचा अर्ज जाऊ द्या आणि उत्तर लेखी घ्या. विम्याने सगळंच नाकारलं असं धरूनही बघितलं, तर १२ लाखांच्या एफडीतून चारही डोस निघतात.

पण ती एफडी एकरकमी आहे, ती आजच मोडून चार-पाच भागांत करा. कारण असं की ल्युटेशियम-१७७ साडेसहा-पावणेसात दिवसांत निम्मं होतं. ते ठरलेल्या दिवसासाठी मागवतात, घरात साठवून ठेवायची वस्तू नाही ती. त्या सकाळी बँकेची सुट्टी आडवी आली असं व्हायला नको. डोसचे पैसे आठ दिवस आधी बचत खात्यात आलेले असावेत.

एफडी संपत आली आणि इंजेक्शन थांबायची वेळ आली, तर आधी १८ तोळ्यांवर सोनेतारण, मग पीएफ. आजारपणासाठी पीएफमधून रक्कम काढता येते. मुलीच्या नावचे ७ लाख शेवटपर्यंत बाजूला ठेवा. ती बारावीला आहे, तिच्या वाट्याचा ताण आधीच पुरे आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, यजमानांना राजीनामा देऊ देऊ नका. बिनपगारी रजा चालेल, हलकं काम मागितलं तरी चालेल, पण नाव हजेरीपटावर राहू दे. मेडिक्लेम नोकरीला बांधलेला आहे, आणि पीएफसोबत कुटुंबाला ७ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, तेही नोकरी चालू असतानाच. नोकरी सोडायची वेळ आलीच, तर त्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे लेखी विचारा. या निदानानंतर बाहेर नवी पॉलिसी मिळणं फार अवघड आहे.

रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे, तुमच्या उपचारातलं त्यात काय बसतं ते तो सांगेल. समाजसेवा विभागातही जा, संकोच करू नका.

बागेच्या गिऱ्हाइकाला आजच नाही कळवा. पंधरा दिवसांची घाई त्याची आहे. पुढे कधी विकायची वेळ आलीच, तर आधी जमीन महापालिका आणि नगरपंचायतीच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे ते काढा. नाशिकसारख्या शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत असलेली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. लहान गावांसाठी ते अंतर कमी आहे. सातबाऱ्यावर भाऊजींचं नाव आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

गृहकर्जाचे ८ लाख आत्ता फेडायला जाऊ नका. कर्ज घेताना बँकेने सोबत विमा दिला असेल तर त्यात गंभीर आजाराचं कलम असू शकतं. तसंच एलआयसीच्या पॉलिसीला काही रायडर, म्हणजे जादा संरक्षणाचं कलम, जोडलाय का तेही बघा. मंजुरीपत्र, विम्याचे कागद आणि मेडिक्लेमची प्रत मला पाठवा. पहिल्या डोसच्या आधी वाचून कळवतो.