एफ/०.९५च्या लेन्ससाठी राखीव निधी मोडावा का?

प्रश्न: माझ्याकडे निकॉनची झेड माउंटची (माउंट म्हणजे लेन्स बसवायची जागा) बॉडी, म्हणजे नुसता कॅमेरा, आणि ५० मिमी एफ/१.८ ऑटोफोकस लेन्स आहे. रंगमंचावरचे कार्यक्रम आणि पोर्ट्रेट काढून जोडकमाई होते. आता झेड माउंटचीच एफ/०.९५ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त) मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायची लेन्स घ्यायची आहे. आणीबाणीसाठी ठेवलेला निम्मा पैसा त्यात जाईल. दोनेक वर्षांत सोनीकडे वळण्याचाही विचार आहे. घेऊ का?

उत्तर: निधी मोडून घेऊ नका. आणि सोनीचा विचार खरा असेल, तर पैसे हातात असले तरी झेड माउंटमध्ये घेऊ नका.

सोनीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण हिशोब तिथेच अडतो. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन झेडमध्ये १६ मिमी, तर सोनीच्या ई माउंटमध्ये १८ मिमी. झेडसाठी बनलेली लेन्स सोनीवर बसवायची तर ती सेन्सरपासून आधीच २ मिमी लांब पडते, वर अ‍ॅडॉप्टरची (मधल्या जोडकड्याची) जाडी. मग फोकस फक्त अगदी जवळच्या वस्तूंवर होतो. म्हणजे बॉडी बदलली की लेन्सही विकायची, आणि मॅन्युअल एफ/०.९५चं गिऱ्हाईक मोजकंच असतं.

लायका कंपनीच्या एम माउंटचं हेच अंतर २७.८ मिमी आहे. त्या माउंटची लेन्स आज ११.८ मिमी अ‍ॅडॉप्टरने झेडवर आणि उद्या ९.८ मिमीच्या अ‍ॅडॉप्टरने सोनीवर चालेल. नव्याने खर्च होईल तो अ‍ॅडॉप्टरचा. कॅननने १९६१मध्ये ‘कॅनन ७’ या रेंजफाइंडर प्रकारच्या कॅमेऱ्यासाठी काढलेली ५० मिमी एफ/०.९५ बघा. तिचं बायोनेट (फिरवून अडकवायचं माउंट) इतर कॅमेऱ्यांना चालत नव्हतं, म्हणून ती वापरणारे अनेकजण ती एम माउंटमध्ये बदलून घेतात. एक खोट मात्र आहे: एम लेन्स सेन्सरवरच्या पातळ काचेचा हिशोब धरून बनतात, त्यामुळे इतर बॉडीवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला (लेन्सचं प्रकाशाचं छिद्र) फोटोच्या कडा मऊ, म्हणजे थोड्या धूसर येऊ शकतात. पोर्ट्रेटमध्ये ते सहसा खपून जातं.

आता कमाईची बाजू. एफ/१.८च्या तुलनेत एफ/०.९५ सुमारे ३.६ पट प्रकाश घेते, म्हणजे दोन स्टॉपला थोडं कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट). जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे १८००च्या आसपास भागेल. फायदा खरा आहे. पण फुल-फ्रेमवर (३६×२४ मिमीचा सेन्सर) ५० मिमी एफ/०.९५ने ३ मीटर अंतरावर फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम २० सेंमी उरते. नटाने एक पाऊल पुढे टाकलं की फ्रेम गेली, कारण फोकस तुम्ही हाताने करताय. १ मीटरवरच्या पोर्ट्रेटमध्ये तर जेमतेम २ सेंमी. निकॉनची स्वतःची २०१९ची ५८ मिमी एफ/०.९५ ‘नॉक्ट’सुद्धा मॅन्युअल फोकसचीच आहे, तेव्हा जास्त पैसे मोजले तरी ही अडचण सुटत नाही.

गेल्या वर्षी नॉइजमुळे (जास्त आयएसओने फोटोत येणारे दाणे) एखादं काम हातचं गेलं का? एखाद्या ग्राहकाने फोटो परत केले का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ही लेन्स धंद्याच्या खर्चात धरू नका, हौसेच्या खात्यात धरा. हौस वाईट नाही (मीही करतो), पण तिच्यासाठी आजारपणाचा किंवा काम सुटल्यावर लागणारा पैसा वापरायचा नसतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’नेही तेच होईल; मोसम मंद गेला की हप्ता त्याच निधीतून जाईल.

आधी अशी लेन्स एका कार्यक्रमापुरती भाड्याने घ्या. घरी आल्यावर एफ/१.८ने काढलेल्या फोटोंशेजारी ठेवून किती फ्रेम फोकसमध्ये आल्या ते मोजा. तरीही हवीशी वाटली, तर जोडकमाईतला ठरावीक वाटा वेगळ्या खात्यात साठवा आणि एम माउंटची वापरलेली लेन्स शोधा. एफ/१ किंवा एफ/१.१ मिळाली तरी फार बिघडत नाही. विकत घेताना तुमचा अ‍ॅडॉप्टर सोबत न्या. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला खूप दूरच्या दिव्यावर फोकस लागतो का ते बघा, आणि अ‍ॅडॉप्टर माउंटमध्ये हलत असेल तर पैसे देण्याआधी दुसरा लावून पाहा.